गैरसमज आणि चुकीची धारणा : दोन इंग्रजी शब्दांतील भेद व त्याचा वर्गातील उपयोग



मराठीत ‘गैरसमज’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी योजिला जातो. एकाच्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्याने भलताच घेतला आणि त्यावरून दोन शेजाऱ्यांत बेबनाव झाला, तर ‘त्यांच्यात गैरसमज झाला’ असे म्हणतात. तसेच, हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर जाते म्हणून थंडी पडते, असे कोणी मानीत असेल, तर ‘हा त्याचा गैरसमज आहे’ असेही म्हणतात. रोजच्या व्यवहारात यामुळे काही अडत नाही. शिक्षकाचे मात्र अडते. कारण या दोन गोष्टींवरील उपाय एक नाही. दुखणे एक आणि औषध दुसरेच, असे झाले की वैद्याची जी गत होते, तीच वर्गात शिक्षकाची होते. आणि त्याचे मोल मुलाला द्यावे लागते.

इंग्रजी भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. पहिला ‘मिसअंडरस्टँडिंग’ आणि दुसरा ‘मिसकन्सेप्शन’. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले आणि खेड्यातील प्राथमिक शिक्षकालाही इंग्रजी पुस्तकांशी व प्रशिक्षणाच्या साहित्याशी संबंध ठेवणे भाग पडले. अशा वाचनात हे दोन्ही शब्द वारंवार भेटतात. कोशात पाहावे तर दोहोंपुढे ‘गैरसमज’ असाच अर्थ बहुधा दिलेला असतो आणि वाचणारा पुढे जातो. वस्तुतः तेथे थोडे थांबण्यासारखे आहे.

दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘मिस’ हा एकच उपसर्ग आहे. ‘चुकीने, वाईट रीतीने’ असा त्याचा अर्थ. ‘अंडरस्टँडिंग’ हा शब्द इंग्रजीचा घरचा. त्याचा अर्थ समजणे, उमगणे. ‘कन्सेप्शन’ हा शब्द मूळ लॅटिनमधून आलेला. धरणे, आत घेणे, मनात धारण करणे असा त्याचा भाव आहे. इंग्रजीत हाच शब्द गर्भधारणेसाठीही चालतो. मराठीतही ‘धारणा’ आणि ‘गर्भधारणा’ हे शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत, हे साम्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेव्हा पहिल्या शब्दाला ‘गैरसमज’ आणि दुसऱ्याला ‘चुकीची धारणा’ असे म्हटले, तर दोहोंतील भेद मराठीतही बऱ्याच अंशी राखता येतो. ‘गैरसमज’ हा शब्दही जोडगोळीचाच आहे. ‘गैर’ मूळचा अरबी आणि फारसीच्या वाटेने आलेला, ‘समज’ घरचा.

आता वापर पाहावा. सांगणारा एक आणि ऐकणारा दुसरा, या दोघांच्या मध्ये जे चुकते ते ‘मिसअंडरस्टँडिंग’. निरोप पोहोचला, पण अर्थ पोहोचला नाही. म्हणून दोन माणसांतील किरकोळ कुरबुरीलाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. ‘मिसकन्सेप्शन’ दोघांच्या मध्ये नसते. ते एकाच्या मनात असते. एखाद्या विषयासंबंधी मनात घर करून बसलेली, माणसाला खरी वाटणारी, पण वास्तवाशी न जुळणारी कल्पना, असा त्याचा अर्थ. म्हणून ‘आपल्या दोघांत मिसकन्सेप्शन झाले’ असे म्हणणे इंग्रजीच्या रीतीस धरून नाही. तेथे ‘मिसअंडरस्टँडिंग’च हवे. उलट, लोकांत पसरलेल्या एखाद्या चुकीच्या समजुतीविषयी लिहावयाचे असेल, तर ‘मिसकन्सेप्शन’ हा शब्द अधिक नेमका होय. क्रियापदाच्या बाबतीतही भेद आहे. ‘मिसअंडरस्टँड’ हे क्रियापद नित्याच्या बोलण्यातले आहे. ‘मिसकन्सीव्ह’ हे क्रियापद क्वचितच आढळते आणि त्याचे ‘मिसकन्सीव्ह्ड’ हे रूप बहुधा मुळातच चुकीच्या पायावर आखलेल्या योजनेला लावतात.

या दोन शब्दांमध्ये पक्की भिंत मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे. एखाद्या विषयाची समज अपुरी वा चुकीची असेल, तर तिलाही इंग्रजीत कधीकधी ‘मिसअंडरस्टँडिंग’ म्हणतात. परंतु ‘मिसकन्सेप्शन’ हा शब्द दोन माणसांतील बोलाचालीच्या घोटाळ्याला कोणी लावीत नाही. भेद वाचकाच्या मनात एवढा ठसला तरी पुरे.

शब्दांची ही चर्चा शिक्षकाच्या कामी कशी येते, ते आता वर्गातील उदाहरणांवरून पाहू जाता स्पष्ट होईल.

गुरुजींनी फळ्यावर ८ आणि ५ असे अंक लिहिले आणि ‘या दोन संख्यांतील फरक सांगा’ म्हणून विचारले. एक मुलगा उठून म्हणाला, ‘एक सम आहे, एक विषम.’ वर्ग हसला. मुलाने सांगितले ते खोटे नव्हते. ‘फरक’ या शब्दाचा घरी जो अर्थ, तो त्याने घेतला. गणितात या शब्दाचा अर्थ वजाबाकीचे उत्तर असा होतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. हा शुद्ध गैरसमज. दोष असलाच तर तो विचारणाऱ्याच्या बाजूला अधिक. ‘मोठ्या संख्येतून लहान वजा कर’ एवढे एक वाक्य सांगितले की मुलगा ‘तीन’ म्हणून मोकळा होतो. ‘मूळ संख्या’ म्हटल्यावर झाडाचे मूळ आठवणारे मूलही याच जातीचे. ज्या मुलाच्या घरी भिली, कोरकू, गोंडी अथवा अहिराणी बोलतात, त्याच्या बाबतीत असे प्रसंग अधिक येणार. आणि तेथे मुलाला उणे लेखण्याऐवजी शब्द बदलून पाहणे हाच उपाय. गैरसमजाचे एक लक्षण असे की, नीट सांगितल्याबरोबर तो जातो आणि परत येत नाही.

आता दुसरे उदाहरण. तिसरीतल्या मुलीला ५२ मधून २७ वजा करावयास सांगितले. तिने उत्तर लिहिले ३५. पुढचे उदाहरण ८१ वजा ३६, उत्तर ५५. त्यापुढचे ४० वजा १८, उत्तर ३८. तिन्ही चूक. शिक्षकाने तिन्हींवर लाल फुल्या मारल्या, ‘लक्ष नाही’ असा शेरा दिला आणि हातच्याची रीत फळ्यावर पुन्हा एकदा करून दाखविली. मुलीने मान डोलाविली. दुसऱ्या दिवशी ६४ वजा २८ चे उत्तर तिने ४४ लिहिले.

या मुलीचे लक्ष नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिची चारही उत्तरे एकाच नियमाने आलेली आहेत. प्रत्येक घरात जो अंक लहान, तो मोठ्यातून काढावयाचा. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, झाले पस्तीस. ती नियम मोडीत नाही, निष्ठेने पाळते. नियमच चुकीचा आहे. आणि हा नियम तिला कोठून मिळाला? पहिलीत एकअंकी वजाबाकी शिकविताना ‘लहान संख्येतून मोठी जात नाही, मोठीतून लहान काढावी’ असे कोणीतरी शिक्षकच बोलून गेला असेल. त्या वेळी ते उपयोगाचे होते. मुलीने ते मनात धरून ठेवले आणि दोनअंकी संख्यांनाही लावले. ही चुकीची धारणा, म्हणजेच ‘मिसकन्सेप्शन’.

या धारणेची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ७८ वजा ३५ हे उदाहरण याच नियमाने केले तर उत्तर ४३ येते आणि ते बरोबर असते. म्हणजे जोवर हातच्याची गरज नाही, तोवर या मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळणार. शिक्षकही संतुष्ट, पालकही संतुष्ट. चुकीची धारणा अशी बरोबर उत्तरांच्या आड वर्ष-दीड वर्ष सुखाने राहते आणि ज्या दिवशी उघडी पडते, त्या दिवशी मूल एकाएकी ‘मठ्ठ’ ठरते. मग शिक्षा म्हणून तशीच वीस उदाहरणे घरून करून आणण्यास सांगितले जाते. मुलगी ती वीसही उदाहरणे आपल्या नियमाने करते. म्हणजे चुकीचा नियम वीस वेळा घोटला जातो. गैरसमजावर उपयोगी पडणारी ‘पुन्हा सांगणे’ आणि ‘पुन्हा करविणे’ ही दोन औषधे चुकीच्या धारणेवर दिली, तर दुखणे बळावते ते असे.

अमेरिकेतील जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विस्कळीत दिसणाऱ्या कित्येक चुकांच्या मागे मुलाचा एक ठरलेला, पण सदोष नियम असतो, हे त्यांनी दाखवून दिले. तो नियम एकदा ओळखला की पुढील उदाहरणाचे चुकीचे उत्तरही आधी सांगता येते. शिक्षकाच्या हाती ही मोठी कसोटी आहे. ६३ वजा २९ हे उदाहरण घालण्यापूर्वीच ‘ही मुलगी ४६ लिहील’ असे सांगता आले आणि तिने ४६ च लिहिले, तर ते निष्काळजीपण नव्हे. ती धारणा आहे. निष्काळजीपणाची चूक आज एक, उद्या दुसरी.

अशा धारणा प्रत्येक इयत्तेत सापडतात. ‘एकशे पाच’ ऐकून १००५ लिहिणारे मूल जसे ऐकू येते तसे लिहिते. शंभर लिहिले, पुढे पाच लिहिले. दशांश अपूर्णांकात ३.१४ ही संख्या ३.५ पेक्षा मोठी मानणारा मुलगा १४ आणि ५ यांची तुलना करतो. ३ रुपये ५ पैसे ३.५ असे लिहिणाऱ्याचे मूळही तेथेच. चौरस कोपऱ्यावर उभा करून काढला की ‘हा चौरस नव्हे, शंकरपाळी आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाने आजवर चौरस आडव्या बाजूवर बसलेलाच पाहिलेला असतो. त्रिकोणाचा ‘पाया’ म्हणजे खालचीच बाजू, हा समज घराच्या पायावरून येतो. येथे तर शब्दापासून गैरसमज आणि गैरसमजापासून धारणा, अशी साखळीच दिसते. वेळीच न निस्तरलेला गैरसमज मुरला म्हणजे त्याची धारणा होते, हेही यावरून कळून येईल.

विज्ञान आणि भूगोल या विषयांत तर धारणांची मुळे मुलाच्या रोजच्या अनुभवात असतात. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेतील पहिली, तिसरी व पाचवी या इयत्तांच्या ६० मुलांना पृथ्वीविषयी प्रश्न विचारले. तो अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वी कशी आहे असे विचारताच पुष्कळ मुलांनी ‘गोल’ असे बरोबर उत्तर दिले. पण सरळ चालत राहिले तर कोठे पोहोचाल, पृथ्वीला कडा आहे काय, असे पुढे विचारता निराळ्याच गोष्टी बाहेर आल्या. काहींच्या मते पृथ्वी भाकरीसारखी गोल पण सपाट. काहींच्या मते ती आतून पोकळ चेंडू असून माणसे आतल्या सपाट भागावर राहतात. काहींनी तर पृथ्वी दोन असल्याचे मानले होते. एक आकाशातील गोल आणि एक पायाखालची सपाट. हैदराबादच्या मुलांविषयी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात पृथ्वी पाण्यावर आधारलेली आहे, अशी कल्पनाही काही मुलांत आढळली. ‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य मुलांनी ऐकले होते आणि पाठही केले होते. पण डोळ्यांना जमीन सपाट दिसते. मुलांनी दोन्ही खरे मानून त्यांचा मेळ घातला. यात बुद्धीचा अभाव कोठे आहे? उलट बुद्धी चालली म्हणूनच हे झाले.

हे केवळ लहान मुलांचेच होते असेही नाही. हिवाळ्यातील थंडीविषयीची जी समजूत प्रारंभी उल्लेखिली, ती सुशिक्षितांतही आढळते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पदवीदान समारंभाच्या प्रसंगी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि अध्यापक अशा २३ जणांना ऋतूंचे किंवा चंद्रकलांचे कारण विचारण्यात आले. त्यांपैकी २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या धारणा दिसून आल्या. १९८७ मध्ये निघालेल्या एका शैक्षणिक चित्रपटात हे प्रसंग दाखविले आहेत. वास्तविक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे महाराष्ट्रात थंडी असताना, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कलता असल्यामुळे. शेकोटीजवळ गेले की ऊब लागते, हा अनुभव मात्र प्रत्येकाचा असतो. धारणा त्या अनुभवावर पोसली जाते आणि पाठ्यपुस्तकातील चार ओळींना दाद देत नाही.

तर मग शिक्षकाने काय करावे?

पहिली गोष्ट, उत्तर पाहून न थांबता ‘हे कसे काढलेस?’ असे विचारावे. प्रश्नाचा सूर दरडावणीचा नसावा, नाहीतर मूल आपली रीत सांगण्याऐवजी उत्तर खोडू लागते. हाच प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा. ७८ वजा ३५ च्या उत्तरामागे काय दडले आहे ते तेव्हाच कळते. साठ मुलांच्या किंवा दोन-तीन इयत्तांच्या एकत्र वर्गात प्रत्येकाला विचारणे शक्य नसते. परंतु दिवसाकाठी दोन मुलांना विचारले, तरी महिनाभरात बराच वर्ग होतो.

दुसरी गोष्ट, मुलाची धारणा जेथे अडखळेल असा प्रसंग त्याच्यापुढे ठेवावा. ५२ वजा २७ बरोबर ३५ म्हणणाऱ्या मुलीला ‘चूक’ असे न म्हणता ३५ आणि २७ यांची बेरीज करावयास सांगावे. उत्तर ६२ येते. मूळ संख्या तर ५२ होती. दहा जास्त कोठून आले, हा प्रश्न आता तिचा स्वतःचा होतो. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन काड्या तिच्या हाती द्याव्यात आणि सत्तावीस काढून देण्यास सांगावे. सात सुट्या काड्या देण्यासाठी एक गठ्ठा सोडावाच लागतो, हे हातांना आधी कळते आणि मग लेखणीला. ऋतूंच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सोयीचे आहे. २६ डिसेंबरला मेलबर्न येथे सुरू होणारे क्रिकेटचे कसोटी सामने भर उन्हाळ्यात होतात, हे मुलांना ठाऊक असते. पृथ्वी दूर गेल्यामुळे थंडी पडत असती, तर ती तेथेही पडली असती. एवढे मुलांच्या ध्यानी आणून दिले म्हणजे जुनी समजूत डळमळते आणि आसाच्या कलाची गोष्ट ऐकण्यास मन मोकळे होते.

तिसरी गोष्ट, जुनी धारणा कोठवर चालते तेही सांगावे. ‘मोठ्यातून लहान काढावे’ हे संपूर्ण संख्येला लागू आहे, संख्येतील सुट्या अंकांना नाही, असे मुलीला सांगितले म्हणजे तिला आपण खुळे ठरलो असे वाटत नाही. आपला नियम नीट बेतून मिळाला असे वाटते.

चौथी गोष्ट, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. धारणा एका दिवसात बसलेली नसते आणि एका दिवसात उठतही नाही. नव्या उदाहरणात, परीक्षेच्या घाईत ती परत डोके वर काढते. तेव्हा रागावण्याचे कारण नाही. एकदा पुन्हा काड्या हाती द्याव्यात.

अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, शिकण्यावर सर्वांत अधिक परिणाम शिकणाऱ्याला आधीच जे ठाऊक असते त्याचा होतो. ते शोधून काढावे आणि त्यानुसार शिकवावे. खेड्यातल्या शिक्षकाला यासाठी महागडे साधन लागत नाही. पाटी, काड्यांचे गठ्ठे आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरते. मुलाच्या घरची भाषा, त्याचे शेत, त्याचा बाजार हे सर्व शिक्षकाच्या परिचयाचे असते. त्याच्या मनात कोणती कल्पना कोठून आली असेल, हे हुडकण्यास त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली आहे. कायदा हात थांबवू शकतो. ‘हा मठ्ठ आहे’ हा मनातला शेरा कायद्याने थांबत नाही. तो थांबण्यास ज्ञानच लागते. मुलाची चूक पाहताच शिक्षकाने स्वतःशी एवढे विचारावे : याला माझे बोलणे कळले नाही, की याने काही वेगळेच मनाशी धरले आहे? पहिले असेल तर शिक्षकाने आपले शब्द बदलावेत. दुसरे असेल तर मुलाचे शब्द ऐकावेत. हा एक प्रश्न विचारण्याची सवय जडली, तर हुशार असूनही मागे पडलेली कितीतरी मुले त्याच वर्गात, त्याच बाकावर पुन्हा चालू लागतील.